वरणगावचं पीठ

आधीच सांगून टाकते, या गोष्टीच्या शेवटी मला मूल होत नाही. रामेश्वराला नागाचा दगड बसवून आलेल्या बाईची गोष्ट म्हटली की ऐकणाऱ्या बायका पाळण्याची वाट बघत बसतात, आणि पाळणा हलला नाही की मीच त्यांना फसवल्यासारखं माझ्याकडे बघतात. ज्यांना पाळणा हवा असेल त्यांनी दुसऱ्या कुणाकडे जावं. ही गोष्ट माझ्या वडिलांच्या जेवणाची आहे.

माझे वडील जीवराम पाटील रावेरजवळ केळी लावायचे. सगळा गाव त्यांना आबा म्हणायचा, आम्हीही आबाच म्हणायचो. आईला माय. मला त्यांनी वरणगावला तोताराम पाटलांकडे दिलं. नवरा देवमाणूस, सासू तिखट, कपाशीची जमीन चांगली. तक्रार करायला जागा नव्हती. पण एक होतं. आबा माझ्या घरी जेवत नसत.

आमच्याकडे रीतच तशी. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही. बहुतेक बापांना ती वर्ष-दोन वर्षं पाळावी लागते. मग नातू होतो, जावई गूळ वाटतो आणि बाप पाटावर बसून इतक्या वर्षांचं उट्टं काढतो. मला मूल झालं नाही, म्हणून आबांचा नेम संपला नाही.

आबा बैलगाडीनं यायचे. आमचं घर धाब्याचं. मी वर मिरच्या पसरायला गेले की गावाबाहेरची चिंच दिसायची. तिच्याखाली आबांची गाडी सोडलेली असायची आणि मायनं बांधून दिलेली भाकरी आबा एकटे खात बसलेले असायचे. मग तोंड पुसून, केळीचा घड खांद्यावर टाकून ते माझ्या दारात यायचे आणि म्हणायचे, "पोट तुडुंब भरलं बाप्पा." माझे हे दर वेळी पाट मांडायचे आणि दर वेळी उचलून भिंतीला लावून ठेवायचे. सासू म्हणायची, "याह्याले आपल्या हिरीचं पानीबी चालत नही." बापाला परक्यासारखं झाडाखाली जेवताना धाब्यावरून बघायचं आणि खाली येऊन हसायचं, हे मी पंधरा वर्षं केलं. मूल नाही याचं रडू रडून रडून आटलं होतं. याचं आटत नव्हतं.

फैजपूरला काँग्रेस भरली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आबांनी रामेश्वर काढलं. काशी ते आधीच करून आले होते. काशीची गंगा रामेश्वराला घातल्याशिवाय काशी पुरी होत नाही, आणि तो गंगेचा गडू लाखेनं तोंड बंद करून देवघरात बसला होता. हे सांगायचं कारण झालं. खरं कारण मी. रामेश्वराला नाग बसवला की कूस उजवते असं कुणीतरी आबांच्या कानात घातलं होतं.

"पोरीले संगं घेतो," ते माझ्या सासूला म्हणाले.

सासूला यात खोट काढता येईना, म्हणून तिनं ती पिठात काढली. "सून माहेरच्या पिठावर रामेसर करून आली, असं नको कोनी म्हनाले," असं म्हणून तिनं कळण्याचं पीठ, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पांढऱ्या थैलीत गच्च भरून दिलं. आबांचं रावेरचं पीठ खाकी थैलीत. ठरलं असं की माय खाकी थैलीतून त्या दोघांच्या भाकरी थापणार आणि पांढरीतून माझ्या. माझ्या हातचं आबांना चालायचं, माझ्या घरचं चालायचं नाही. एकाच तव्यावर दोन घरं नांदणार होती.

भुसावळहून मनमाड, दौंड, सोलापूर, रायचूर आणि मग मद्रास. आबा खिडकीशी बसून जमिनी तपासत होते. काळी संपली, तांबडी लागली, तेव्हा त्यांनी असा सुस्कारा सोडला की समोरच्या माणसानं विचारलं, कुणी वारलं का. सोलापूरपर्यंत सगळ्यांशी बोलत आलेली माय रायचूरच्या पुढे गप्प झाली, कारण तिचं बोलणं कुणाला कळेना. मग तिनं कळो न कळो बोलायचंच ठरवलं आणि एका तेलुगू म्हातारीशी तासभर सुनांवर बोलली. दोघींचं अगदी पटलं.

मद्रासच्या पुढे मात्र मुलूखच बदलला. जिकडे बघावं तिकडे पाणी, पाण्यात भात, बांधावर नारळ आणि ताड. गाडी लांबून समुद्राच्या कडेकडेनं जात होती, समुद्र दिसत नव्हता, पण वारा ओला लागत होता. आणि घरोघर केळी. आबांना ते बघवेना आणि नजरही काढवेना. आमच्याकडे केळी म्हणजे मळा, पाट, राखण, गाडी आणि बाजार. इथे मोरीच्या पाण्यावर मागच्या दारी दोन झाडं उभी, आणि घरच्या माणसांनी त्याच पानावर रोज जेवायचं.

"रोज जेवाले सोन्याची पानं कापून राह्यले हे लोक," आबा म्हणाले.

तंजावरला आम्ही उतरलो. तिथल्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर आपल्या मराठीत कोरलेला लेख आहे, भोसल्यांच्या घराण्याचा. इतक्या लांब, अनोळखी अक्षरांच्या गर्दीतून चालत आल्यावर आपली अक्षरं दिसली, तेव्हा मायला ती वाचता येत नसूनही तिनं त्यांच्यावरून हात फिरवला. आम्ही उतरलो होतो ती धर्मशाळा भोसले राजांनीच रामेश्वराच्या यात्रेकरूंसाठी बांधलेली. तिथे फुलं विकणारी एक म्हातारी होती. आमचं बोलणं ऐकून ती जवळ आली आणि जुन्या, गोडशा मराठीत म्हणाली, "तुम्ही देशाकडले की काय? आम्हीही तिकडलेच. आमचे पूर्वज राजांबरोबर आले. मी काही तो देश पाहिला नाही."

मायनं विचारलं, राजांनी इतक्या धर्मशाळा कशाला बांधल्या? म्हातारी म्हणाली, "वाटेनं जाणारा उपाशी जाऊ नये म्हणून हो. जात पुसायची नाही, गाव पुसायचं नाही. आधी पान वाढायचं."

मी आबांकडे बघितलं. ते दुसरीकडे बघत होते.

त्याच दिवशी दुपारी आबा हरवले. शोधत गेले तर मागच्या गल्लीतल्या एका घराच्या परसात उकिडवे बसलेले. तिथे तांबड्या सालीची केळी होती, आणि आबा परवानगी न घेता आत शिरून तिचा बुंधा चाचपत होते. घराचा मालक उघड्या अंगानं बाहेर आला. आता मार खातात असं मला वाटलं. पण तोही शेजारी बसला. आबा मराठीत विचारत होते, तो तमिळमध्ये सांगत होता, दोघं बोटांनी मातीत कंद, पिलं, पाण्याची सरी काढत होते, आणि दोघांनाही सगळं समजत होतं. मग मालकानं पान मांडलं. भात, आमटीसारखं काहीतरी आंबट, वर एक तांबडं केळं. आबा हात धुऊन बसले आणि जेवले.

अनोळखी माणसाच्या परसात, ज्याचं नावही माहीत नाही अशाच्या घरी, आबा बोटं चाटून जेवले. मी भिंतीशी उभी होते. खोटं कशाला बोलू, मला त्या माणसाचा हेवा वाटला. असा हेवा मला कुठल्या लेकुरवाळीचाही कधी वाटला नव्हता.

रामेश्वर हे बेट आहे. मंडपमपासून पुढे गाडी पांबनच्या पुलावर चढते आणि हळू होते, आणि मग दोन्ही बाजूंना, खाली, सगळीकडे समुद्रच. आमच्या तापीला पूर आलेला मी बघितला होता, म्हणून मला वाटायचं समुद्र म्हणजे मोठा पूर. तसं नव्हतं. पुराला घाई असते. हा निवांत होता, हिरवा-निळा, आणि त्यात कोळ्यांची शिडं बसली होती. मायनं पदर दातात धरला. आबांनी डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

रामेश्वराचे पुष्कळ उपाध्ये मूळचे आपल्या मुलखातले, मराठी बोलणारे. आमच्या उपाध्यांनी देवळातल्या सगळ्या विहिरींच्या पाण्यानं आम्हाला न्हाऊ घातलं, संपेना अशा लांबलचक ओवरीतून फिरवलं, आणि गडूची लाख फोडून गंगा देवाला घातली. काशी पुरी झाली. नाग दुसऱ्या दिवशी सकाळी बसवायचा होता.

मायला एवढ्या विहिरींचं पाणी सोसलं नाही. धर्मशाळेत परत आल्यावर ती घोंगडी घेऊन पडली. मी चूल पेटवली. आबा सकाळची उरलेली भाकरी चटणीशी खात बसले होते, अजून दोन लागणार होत्या. मी बोचकं सोडलं. पांढरी थैली होती. खाकी नव्हती.

"माय, रावेरची थैली कोठी हाये?" मी सहज विचारलं.

माय घोंगडीत नुसती हलली. मी पुन्हा विचारलं, तेव्हा ती उठून बसली.

"तंजावरले उंदरानं कुरतडली," ती म्हणाली. "पीठ भुईवर येऊन राह्यलं व्हतं. पीठ काय सांडू द्याचं? हाताशी आली त्या थैलीत ओतलं. मंग ध्यानात आलं, पन तवर मिसयून गेलं व्हतं."

"अन् सांगितलं काबरं नही?" आबांनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"सांगून काय? भातावर राह्यले असते तुम्ही. भात तुमाले सोसत नही."

म्हणजे तंजावर सोडल्यापासून आबा वरणगावचं पीठ खात होते. आताही त्यांच्या हातात तीच भाकरी होती. आबांनी घास खाली ठेवला. भाकरीला हात जोडले, कारण अन्नाचा राग त्यांना कधी करता यायचा नाही, आणि चपला न घालता बाहेर पडले.

मी मागे गेले. समुद्र तिथून जवळच. ऊन उतरलं होतं, पाणी घागरीतल्यासारखं शांत होतं आणि बायका अजून न्हात होत्या. आबा वाळूत बसले होते. मला वाटलं ते चिडलेत. जवळ गेले तर ते रडत होते. माझ्या आयुष्यात मी आबांना रडताना पाहिलं नव्हतं, पुरात मळा गेला तेव्हाही नाही.

"उद्या नाग बसवाचा व्हता," ते म्हणाले, "अन् मी आजच सगयं नासवून बसलो. आता मी वरनगावले येनार नही, पोरी. गाडीबी आननार नही. माह्यी सावलीबी नको तुह्या घरावर."

मला काही समजेना. मी म्हटलं, आबा, पिठानं काय नासतं?

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांची थोरली बहीण, माझी आत्या, मी कधी पाहिली नाही. तिला दिवस गेले असताना माझे आजोबा तिच्या घरी गेले आणि उन्हाचे आले म्हणून घोटभर पाणी प्यायले. तिचं मूल गेलं. तिनं मरेपर्यंत बापाला बोल लावला आणि आजोबांनीही तो खरा मानला.

"मी तवा मिसरूड फुटलेला पोरगा व्हतो," आबा म्हणाले. "तवाच ठरवलं, माह्यी लेक व्हईन तर तिच्या कुशीआड मी येनार नही. भुकेनं मेलो तरी चालीन."

पंधरा वर्षं मला वाटत होतं की ही रीत आहे, मान आहे, पाटीलकीची ऐट आहे. चिंचेखालचा माणूस माझ्यासाठीच तिथे एकटा जेवत होता हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनीही नाही. बाप लोकांचं हे असंच असतं. माया करतात आणि ती अशी पुरून ठेवतात की सापडू नये.

मला हुंदका आला आणि त्याच्या पाठोपाठ रागही आला. राग माझ्यात लवकर येतो, मायकडून घेतलाय.

"पंधरा वर्सं तुम्ही माह्या दारात उपाशी राह्यले," मी म्हटलं, "मंग आलं का पोर? तुमच्या भुकेनं याचं असतं तर एव्हाना घर भरलं असतं माह्यं! मले पोर व्हनार नही, आबा. मले ठाव हाये. तुमालेबी ठाव हाये. देवाले मागून झालं, नवस करून झाले, उद्या नागबी बसवू. पन मले जे पाह्यजे ते देवाजोय नही. ते तुमच्याजोय हाये."

"काय?"

"माह्या घरी जेवा."

एवढं तीन शब्दांचं बोलायला मला वाटेत सगळा मुलूख ओलांडावा लागला. वरणगावच्या ओसरीवर ते कधीच माझ्या तोंडून निघालं नसतं. तिथे सासू होती, भिंतीला पाट होता, लोक होते. इथे मला कुणी ओळखत नव्हतं.

आबांनी माझा हात धरला आणि आम्ही तसेच बसून राहिलो. त्यांचा हात केळीच्या चिकानं कायमचा काळा पडलेला. परत आल्यावर ते न जेवता झोपले. मी समजले, नाही म्हणाले.

सकाळी नाग बसवला. मी हळदकुंकू वाहिलं आणि खरं सांगते, काही मागितलं नाही. मग गाडीनं धनुष्कोडीला गेलो. तिथे जमीन संपते. लंकेला जाणाऱ्या आगबोटीचा धक्का, चार घरं, आणि पुढे नुसती वाळूची जीभ. एका बाजूचा समुद्र तळ्यासारखा पडलेला, दुसऱ्या बाजूचा लाटा आपटणारा, आणि टोकाला दोघं एकमेकांत जातात. उपाध्ये म्हणाले, शांत तो महोदधी, खवळलेला तो रत्नाकर, रामानं सेतू इथूनच बांधला. तिथे आम्ही न्हालो.

मग उपाध्ये म्हणाले, "आता काहीतरी सोडायचं. आवडतं फळ, आवडती भाजी. जन्मभर खायची नाही."

माय थंडीनं कुडकुडत होती तरी बोललीच. "यायले इचारा काशीले काय सोडलं ते. कारलं! जन्मात तोंडाले लावलं नही ते कारलं सोडून आले."

उपाध्ये हसले. "यजमान, इथे तसं चालायचं नाही. खरोखर आवडतं असेल तेच सोडा."

आबा कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. एका अंगाला संथ पाणी, दुसऱ्या अंगानं लाट येऊन त्यांना हलवत होती. त्यांनी ओंजळ भरली.

"माह्या लेकीच्या घरी जेवाचं नही असा माह्या नेम व्हता," ते म्हणाले. "तो सोडतो."

"अहो, नेम धरतात, सोडत नाहीत," उपाध्ये गडबडले. "भाजी सांगा, भाजी."

"तुम्हीच म्हनले ना, जे खरंच जपलं ते सोडा म्हनून? पंधरा वर्सं जपला म्या तो. पोरीपरीस जास्त जपला." आणि त्यांनी ओंजळ सोडली.

उपाध्यांनी जरा विचार केला. म्हातारे होते, त्यांनीही लेकी दिल्या असतील. ते म्हणाले, "बरं. सुटला." आणि मंत्र म्हटला. कुठला ते मला माहीत नाही.

घरी परतल्यावर रावेरला यात्रेचं मावंदं झालं, गावजेवण झालं, आणि मी वरणगावला आले. मी मनात बेत करून ठेवला होता. आबा येतील तेव्हा पुरण, भरीत, शेवया, काय काय. निरोप येईल, मग आदल्या दिवशी तयारी करीन. एक आठवडा गेला. माझ्या मनात पाल चुकचुकायला लागली. समुद्रात माणूस काहीही बोलतो, म्हटलं. आपल्या मातीत पाय टेकले की जुनं सगळं परत चिकटतं.

आणि एका दुपारी, घरची जेवणं उरकून मी भांडी घेऊन बसले असताना, दारात सावली पडली. आबा. उन्हातून आलेले, ओठ सुकलेले.

"पोरी," ते म्हणाले, "भूक लागली."

घरात काय होतं? तळाशी उरलेलं वरण आणि दोन भाकरींचं पीठ. चूल विझलेली. माझ्या यांनी धावत जाऊन पाट मांडला आणि हातपाय धुवायला पाणी दिलं. सासू मधल्या दारात येऊन उभी राहिली. घाईत पहिली भाकरी तव्यावर मोडली. वरणात पाणी घालून ते वाढवलं आणि ताट पुढे ठेवलं. आबांनी आधी तांब्या उचलला, आमच्या विहिरीचं पाणी गटागटा प्यायले, आणि भाकरीचा तुकडा वरणात बुडवून तोंडात घातला.

चावता चावता ते थांबले.

"वरनात मीठ नही वं," ते म्हणाले.

पाहुणा असं बोलत नाही. पाहुणा अळणी वरण झकास म्हणत गिळतो आणि वेशीबाहेर जाऊन थुंकतो. असं बोलतो तो घरचा माणूस. मी मीठ आणायला आत गेले, मिठाच्या मडक्यात हात घातला आणि तिथेच उभी राहून रडले. बाहेरून आबांचा आवाज आला, "आन ना लवकर, भाकर थंडी होऊन राह्यली."